ओलं गोणपाट

एका रविवारी दुपारी मी माझ्या मुलीच्या मित्रमैत्रिणींसमोर, अंगावर कंपनीचे कपडे आणि पायात मोजे तसेच असताना, हॉलच्या मध्यभागी उभा राहून हातपाय झाडले. तोंडाने हाऽऽ, हूऽऽ असे आवाज काढले. माझ्या मुठी पेटल्या आहेत असं दाखवून त्यांच्यावर फुंकर मारली. समोर बसलेली दोन पोरं हसली. माझी मुलगी हसली नाही. तो नाच ही माझी चूक. पुढे मी त्या चुकीला बरीच नावं देऊन बघितली. थकवा म्हणालो, ऊन म्हणालो, बापाची काळजी म्हणालो. एकही नाव नीट बसलं नाही. चूक चूकच होती, आणि ती मी पूर्ण शुद्धीत केली होती.

एप्रिल आला की हे सगळं परत वर येतं. मोशीला आमच्या सोसायटीच्या भिंतीपलीकडे एक कडुलिंब राहिला आहे. त्याच्या आजूबाजूचं शेत कधीच गेलं, तिथे आता नमुना फ्लॅटची पाटी आहे, पण झाड ठरल्या वेळी फुलतं. त्या मोहराचा गोडसर कडू वास संध्याकाळी गॅलरीत येतो. वारा नदीकडून असला तर इंद्रायणीतल्या कुजलेल्या जलपर्णीचा वास त्यात मिसळतो. आणि मी शिफ्टवरून आलेलो असलो तर त्यात तिसरा वास माझा, जळक्या तेलाचा. साबणाने तो जात नाही. माझी बायको सुनीता म्हणते, “तुम्ही लिफ्टमध्ये शिरलात की वर मला कळतं.”

चाकणला एका छोट्या कारखान्यात मी शिफ्ट इन्चार्ज आहे. दुसऱ्या कंपन्यांचे गिअर, पिना आणि साचे आमच्याकडे येतात. आम्ही ते भट्टीत तापवतो, तेलात विझवतो आणि कडक करून परत पाठवतो. आयुष्यभर हेच केलं. माझ्या हातांवर कोपरापर्यंत केस नाहीत, झळांनी ते कधीच गेले. प्रज्ञा लहान होती तेव्हा त्या हातावरून बोट फिरवत म्हणायची, “पप्पा, तुमचा हात बाहुलीचा आहे.”

प्रज्ञा आमची एकुलती एक. तिचा एप्रिल वेगळा असायचा. आम्ही मोशीला राहायला आलो तरी चौदा एप्रिलच्या जयंतीच्या आधीचे दिवस तिचा जीव पिंपरीच्या आमच्या जुन्या वस्तीत असायचा. तिथल्या मैदानात संध्याकाळी लेझीम आणि लाठीकाठीचा सराव चालायचा. धूळ, ढोलाचा ठेका, बर्फाच्या गोळ्याची गाडी, आणि ओळीत उभ्या पोरींच्या हातांत गरगरणाऱ्या काठ्या. प्रज्ञाची काठी फिरायला लागली की काठी दिसायचीच नाही, नुसतं एक चाक दिसायचं. नववीत असताना तिला मिरवणुकीत पेटती काठी मिळाली. दोन्ही टोकांना रॉकेलात भिजवलेल्या चिंध्यांचे बोळे, आणि दिवेलागणीच्या वेळी त्या दोन्हींना लावलेली आग.

सुनीताचा विरोध होता. मी म्हणालो, “फिरवू दे. आगीचं मी बघतो.”

आगीचं मला कळत होतं. मी तिला फक्त सुती कपडे घालायला लावले, ओढणी काढायला लावली, केस ओले करून घट्ट बांधायला लावले. आणि मी स्वतः मिरवणुकीत तिच्यापासून चार हातांवर, एक ओलं गोणपाट दोन्ही हातांत धरून चालत राहिलो. गोणपाटाचं पाणी माझ्या पँटवर गळायचं. ओल्या तागाचा तो वास मला अजून आठवतो, भिजलेल्या बैलाच्या अंगाला येतो तसा. आजूबाजूचे सगळे नवे पांढरे कपडे घालून नाचत असायचे आणि मी त्यांच्यात हमालासारखा.

दुसऱ्या वर्षी ती म्हणाली, “पप्पा, लोक हसतात तुम्हाला. पाणीवाला म्हणतात.”

“हसू दे की. तुझे केस पेटले तर ते येणारेत का विझवायला?”

“पण एकदा तरी टाकायला लागलं का?”

“नाही.”

“मग उगाच धरता.”

“उगाच कसं? टाकायला लागलं नाही म्हणजे बरोबर धरलं.”

ती काठीच्या टोकाचा बोळा आवळायला लागली. मला वाटलं, तिला पटलं नाही.

बारावीची परीक्षा संपली त्या एप्रिलमध्ये ती एक वेगळाच खेळ खेळायला लागली. तो खेळ मला आज कळतो, तेव्हा कळत नव्हता. टेबलाभोवती चार-पाच जण बसतात. एक जण गोष्ट सांगतो, बाकीचे त्या गोष्टीतलं एकेक पात्र होतात. कोणी तलवारवाला, कोणी जादूगार, कोणी चोर. कोणाचा घाव बसला आणि कोणाचा हुकला हे फासे ठरवतात. त्या फाशांना सहा बाजू नसतात, एकाला तर वीस असतात. त्यात हत्याराशिवाय, नुसत्या हातांनी नाहीतर काठीने लढणारा एक साधू असतो. अशा साधूंचे वेगवेगळे पंथ असतात आणि खेळणाऱ्याने त्यातला एक निवडायचा असतो. पुस्तकातले पंथ सगळे परदेशी. प्रज्ञाने स्वतःचा एक बनवायला घेतला. त्याचं नाव तिने ठेवलं निखारा पंथ.

मला यातलं काही माहीत नव्हतं. मला एवढंच माहीत होतं, की आजवर माझ्या कामाबद्दल कधी एक शब्द न विचारणारी पोरगी जेवताना विचारत होती, “पप्पा, लोखंड तापताना पहिला रंग कुठला येतो?”

माझा घास हातातच राहिला.

“पहिला? पहिला रंगच नसतो. काळंच दिसतं. पण हात लावशील तर साल जाईल. सगळ्यात फसवं तेच. मग अंधारात दिसेल न दिसेल असा लाल. मग डाळिंबी. मग केशरी. मग पिवळा.”

“आणि पांढरा?”

“पांढरं दिसलं तर माझी नोकरी गेली म्हणून समज.”

ती खळखळून हसली. “आणि तापलं याला तुम्ही लोक काय म्हणता?”

“ताव आला म्हणतो.”

“ताव,” ती म्हणाली. “भारी शब्द आहे.”

असं आठवडाभर चाललं. मी रोज तिच्यासाठी काहीतरी लक्षात ठेवून घरी न्यायचो. भट्टीचं दार उघडल्यावर झळ आधी कुठे लागते? तोंडावर नाही, पापण्यांवर. जाड हातमोज्यातून गरम आत यायला किती वेळ लागतो? ती डोळे मोठे करून ऐकायची. मी मनातल्या मनात तिला धातुशास्त्राच्या डिप्लोमाला घालून, पास करून, एखाद्या मोठ्या कंपनीच्या प्रयोगशाळेत पांढऱ्या कोटात उभीसुद्धा केली. कारखान्यात सगळ्यांना सांगून टाकलं. आमचा दत्तू, लातूरकडचा, भट्टीवर माझ्याबरोबर असतो. तो रोज विचारायचा, “भाऊ, पोरीला कवा आणलालाव भट्टी दाखवायला? मी त्या दिशी दाढी करून येतो.”

आणि मग तो रविवार. ओव्हरटाइम होता. पत्रे तापलेले, वारा यावा म्हणून शटर वर केलेलं. एरवी मी ते करू देत नाही. आमच्या कामात अजूनही काही तुकडे डोळ्यांनी रंग बघून काढावे लागतात, आणि भट्टीच्या तोंडावर ऊन पडलं की रंग आहे त्यापेक्षा फिका दिसतो. केशरी झालेलं लोखंड लालच वाटतं. माणूस म्हणतो, अजून तापलं नाही, आणि तुकडा वाया घालवतो. त्या दिवशी तसंच झालं. नेहमीच्या गिऱ्हाइकाचा साचा माझ्या हातून करपला. मालकांनी तो करपलेला साचा बघितला. जाता जाता एवढंच म्हणाले, “मुलीला घेऊन येणार होतात ना? या एकदा. बोलू आपण तिच्या पुढच्या शिक्षणाचं.”

मी घरी आलो तेव्हा हॉलमध्ये पोरं बसली होती. निहाल, हा आमच्याच इमारतीतला. सायली, कॉलेजातली मैत्रीण. पंखा बंद, कागद उडू नयेत म्हणून. घामाने चेहरे चमकत होते आणि प्रज्ञा गुडघ्यांवर उभी राहून, हात पसरून, काहीतरी सांगत होती. “...त्याच्या मुठी आता डाळिंबी झाल्या आहेत. अजून एक घाव घातला तर केशरी. निहाल, ताव वाढवतोस का थांबतोस?”

डाळिंबी. केशरी. ताव.

दारात उभ्या उभ्या माझ्या लक्षात आलं, की डिप्लोमा नव्हता, प्रयोगशाळा नव्हती. माझी सगळी विद्या या पोरांच्या खेळातल्या कुठल्याशा कराटेवाल्याला लावली होती. आज मला यात वाईट काय होतं तेच सापडत नाही. तेव्हा मात्र मला फसवल्यासारखं वाटलं. आणि मी ते केलं जे सुरुवातीला सांगितलं. नाचून दाखवलं. वर म्हणालो, “या हातांची साल गेली तेव्हा या घरात पंखे फिरले. आणि तू त्याची गंमत करून खेळतेस? आगीशी?”

हसू थांबलं. सायलीने मान खाली घातली. प्रज्ञाने फासे गोळा करून एका मोज्यात भरले. ती फासे मोज्यात ठेवायची. मग उठून पंखा लावला. कागद उडाले, ते तिने उचलले नाहीत.

“बरं,” ती म्हणाली.

हा ‘बरं’ पुढे आमच्या घरात राहायलाच आला. डिप्लोमाचा विषय काढला तर बरं. कॉम्प्युटरला जा म्हणालो तर बरं. ती भांडली नाही, रुसली नाही, उलटून बोलली नाही. शिकली, चांगल्या मार्कांनी पास झाली, हिंजवडीला नोकरीला लागली आणि मारुंजीत मैत्रिणींबरोबर खोली घेऊन राहिली. पेटती काठी तिने त्या वर्षी हातात घेतली नाही, नंतरही नाही. खेळ तर बंदच केला, हे मला सुनीताने सांगितलं. माझ्याशी ती नीट बोलायची. पण प्रश्न विचारायची नाही. बापाला मुलीने काही विचारायचं सोडलं की घर किती शांत होतं, ते मला कळलं. बाहेरच्या कोणाला ते ऐकू येणार नाही. मला येत होतं. आणि मला सगळ्यात जास्त भीती याची होती, की ही शांतता आता कायमची आहे.

माफी मागायचा प्रयत्न मी केला नाही असं नाही. एकदा फोनवर म्हणालो, “त्या दिवशी जरा जास्तच झालं माझ्याकडून.” ती म्हणाली, “कुठल्या दिवशी?” आणि मी घाबरून म्हणालो, “काही नाही, तुझ्या आईला देतो.” एका दिवाळीला तिच्यासाठी तसले वीस बाजूंचे फासे मागवले, निळे, आत चमक असलेले. ती म्हणाली, “छान आहेत,” आणि ते आमच्याच शोकेसमध्ये राहिले.

आमच्याकडे शिफ्ट सुरू होताना उभ्या उभ्या पाच मिनिटांची मीटिंग होते. सगळे गोल उभे राहतात. कालच्या पाळीत कोणाची चूक झाली असेल तर त्याने ती तिथेच, सगळ्यांसमोर सांगायची. ही पद्धत मीच लावली. शिक्षा नाही, टोमणे नाहीत, पण सांगायची मोठ्याने. यंदा मार्चअखेर दत्तूने दोन गिऱ्हाइकांच्या पिना एकत्र केल्या आणि सकाळी माझ्या टेबलाशी येऊन हळूच म्हणाला, “भाऊ, चुकलं. मिटवून टाका इथंच.”

मी म्हणालो, “इथं नाही दत्तू. ज्यांच्यासमोर झालं त्यांच्यासमोर सांग. कानात सांगितलेली चूक चूक राहत नाही, निरोप होतो.”

बोलून गेलो आणि माझाच आवाज मला ऐकू आला. दत्तू गोलात उभा राहून सांगत होता, मी त्याच्याकडे बघत होतो, आणि मला आमचा हॉल दिसत होता. बंद पंखा. मोज्यातले फासे. फोनवर मी कानात सांगायला गेलो होतो. तेसुद्धा अर्धं.

मग एप्रिल लागला, कडुलिंब फुलला, आणि एका दुपारी जेवणाच्या सुट्टीत माझ्या मोबाइलवर प्रज्ञाचा आवाज आला. छोटासा निरोप. “पप्पा, एक विचारायचं होतं. तापलेलं लोखंड तेलात सोडल्यावर आवाज कसा येतो? पाण्यासारखा चर्र येतो का?”

मी तो पुन्हा पुन्हा ऐकला. दत्तू म्हणाला, “भाऊ, काय झालं? घरी सगळं ठीकाय ना?”

“लय ठीकाय,” मी म्हणालो. कारखान्याच्या मागच्या भिंतीशी, लिंबोणीच्या सावलीत जाऊन मी बोलायला लागलो. “चर्र येत नाही बाळा. चर्र पाण्याचं. तेलात आधी फस्स करून वर ज्वाळ येते, ती घाबरवते नुसती, तिचं काही नसतं. मग आतून खदखद ऐकू येते, डाळ शिजल्यासारखी. मग हळूहळू शांत होतं. शांत झालं तरी लगेच हात लावायचा नाही.” मी एवढं बोललो की मोबाइल गरम झाला. अर्ध्या तासाने उत्तर आलं. “डाळ शिजल्यासारखी! हे वापरते. रविवारी आमचा खेळ आहे खोलीवर, परत सुरू केलाय. आई कुरडया घेऊन येणारच आहे. तुम्हाला यायचं तर या.”

रविवारी आम्ही स्कूटरवर निघालो. वाकडच्या सिग्नलला उन्हात उभे होतो, मागे सुनीता कुरडयांचा डबा मांडीवर धरून. ती म्हणाली, “तिकडे गेल्यावर काही बोलू नका हं. नुसतं बसा.”

“बोलायलाच चाललोय,” मी म्हणालो. हॉर्नच्या गोंगाटात तिला ते ऐकू गेलं नाही, किंवा गेलं.

मारुंजीतली ती खोली म्हणजे जमिनीवर अंथरलेल्या गाद्या, खिडकीला पडद्याच्या जागी चादर, आणि बाहेर अजून न झालेला रस्ता. निहाल तोच, आता दाढीवाला. सायली तीच, आता चष्मा लावलेली. मला बघून निहाल उठला आणि म्हणाला, “या काका! आज डान्स नाही ना?”

सायलीने त्याला कोपर मारलं. “गंमत केली गं,” तो पुटपुटला.

“बसा पप्पा,” प्रज्ञा म्हणाली. “आई, तू इकडे बस.” आणि तिने गोष्ट पुढे सुरू केली.

मी भिंतीला टेकून ऐकत राहिलो. निहालचा साधू एका पुलावर उभा होता. निखारा पंथाचा. अंगावर सुती कपडे, केस ओले करून बांधलेले, हातात दोन्ही टोकांना पेटलेली काठी. समोरून शत्रू येत होते. तो घाव घालत होता आणि दर घावाला त्याचा ताव वाढत होता. काळा, लाल, डाळिंबी. माझे रंग, माझ्या क्रमाने. प्रज्ञा गुडघ्यांवर उभी राहिली होती, हात पसरले होते. किती वर्षांनी मी तिला तशी बघत होतो! तिच्या आवाजात ती काठी गरगरत होती.

“केशरी,” ती म्हणाली. “सायली, तू काय करतेस?”

“मी टाकू का?” सायलीने विचारलं.

“तुझी मर्जी. पण नियम लक्षात ठेव. त्याला आग लागली असेल आणि तू टाकलंस तर तो वाचतो. आग लागली नसताना टाकलंस तर त्याचा सगळा ताव जातो. परत यायला लई वेळ लागतो.”

“मग धरून ठेवते.”

“काय धरून ठेवते?” मी विचारलं. न राहवून.

निहाल माझ्याकडे वळला. “ओलं गोणपाट, काका. या पंथात साधू एकटा नसतोच. त्याच्यापासून चार हातांवर एक गोणपाटवाला चालतो. सायली तो झालीय. बोरिंग काम आहे, लढायचं नाही, काही नाही, नुसतं धरून उभं राहायचं. पण तो नसला तर साधूला डाळिंबीच्या पुढे जाताच येत नाही.”

“हे नवीन घातलंय?”

“छे, पहिल्यापासून आहे. त्या दिवशी तुमच्या घरी खेळत होतो ना, तेव्हापण होता. आम्ही भांडायचो, मी नाही होणार गोणपाटवाला म्हणून. ही म्हणायची, अरे, पंथात सगळ्यात मोठा तोच आहे.”

प्रज्ञा फाशांकडे बघत होती. माझ्याकडे नाही. तिचे कान लाल झाले होते, लहानपणी व्हायचे तसे. खिडकीवरची चादर वाऱ्याने फुगली आणि कुठूनतरी कडुलिंबाच्या मोहराचा वास आत आला.

मी उठलो. सुनीताने माझा शर्ट मागून ओढला. “अहो, बसा ना.”

“बसतो. एक मिनिट.”

शिफ्टच्या मीटिंगला उभा राहतो तसा मी उभा राहिलो, हात बाजूला सोडून. प्रज्ञाने मान वर केली. मोठ्याने बोलायचं असं ठरवून आलो होतो, आवाज निघाला तेवढा निघाला.

“निहाल, सायली, त्या रविवारी तुम्ही दोघं समोर होता, म्हणून तुमच्यासमोर सांगतो. प्रज्ञू, त्या दिवशी आग कुठेच लागली नव्हती. तुला नुसता ताव आला होता, आणि तो तुझ्या बापाला ओळखता आला नाही. मी गोणपाट टाकलं. माझं चुकलं, बाळा. मला माफ कर.”